तांडेलमामा आणि खुब्याची सीडी

तांडेलमामांना डावं-उजवं कळत नसे. कळत असेलही, पण साठ वर्षांत त्यांना त्याची गरजच पडली नव्हती. आमचं देवबाग म्हणजे वाळूची एक लांबोडी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि मधे माडांखाली घरं. त्यामुळे मामांच्या जगात दोनच बाजू होत्या, दर्याकडची आणि खाडीकडची. मामी जेवायला वाढायला लागल्या की ते म्हणत, "लोणचां खाडयेकडे वाढ गो." कान दुखला तर तो दर्याकडचा दुखे. माझ्या लग्नात फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं, तेव्हा फोटो काढणारा माझा मित्र "काका, जरा डावीकडे, जरा डावीकडे" असं घसा सुकेपर्यंत सांगत राहिला. मामा ढिम्म. शेवटी मुंडावळ्या सावरत मीच ओरडलो, "मामा, वायच दर्याकडे!" तसे ते बरोबर दोन पावलं सरकले आणि उलट माझ्या मित्रालाच म्हणाले, "सरळ सांगूक काय झालां होतां?"

होडीवरच्या मुख्य माणसाला आमच्याकडे तांडेल म्हणतात. मामा चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणून अख्ख्या वाडीचेच ते तांडेल झाले. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते इस्पितळाच्या कागदावर. त्यांच्या आणि आमच्या घरामधलं कुंपण कधीच मोडलं होतं आणि ते परत घालायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. मुलगा विष्णू मुंबईला नोकरीत. घरात मामा आणि मामी दोघंच. मी मालवणच्या बाजारात फोटो स्टुडिओ थाटला, लग्नांची व्हिडिओ शूटिंगं करायला लागलो, तेव्हापासून मामांच्या नजरेत माझी किंमत एकदम वाढली. "बाबू, माझ्या जाळ्यात फकत मासो गावता. तुझ्या डब्यात आखो माणूस गावता, हासता, बोलता," असं ते म्हणत. कॅमेऱ्यातून जे दिसतं ते खोटं असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. बाकीचे तांडेल होडीवर शिव्यांचा पाऊस पाडत. मामा बोटाने दाखवत, फार तर शीळ घालत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "दर्यात आरडलास काय मासो पळता आणि माणूस घाबारता. दोनय उपेगाचे नाय."

अशा माणसाचा खुबा झिजला. आधी दोन वर्षं ते लंगडत होडीवर जात राहिले. मग होडीच्या काठावरून पाय पलीकडे टाकता येईना, तेव्हा दोघं खलाशी त्यांना उचलून आत ठेवायला लागले. मामांना हे फार लागलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगितलं की खुब्याचा सांधा बदलावा लागेल. आतला गोळा आणि वाटी दोन्ही नवी. मामा लक्ष देऊन ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हणजे शाफ्टाचो बेरिंग बदलूचो. बरां आसा. आदी कोण सांगतो तर दोन वर्सां फुकट नाय जाती." त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: होडीवर परत कधी? डॉक्टर म्हणाले होते, "सगळं नीट झालं, व्यायाम नीट केलेत, तर सहा महिन्यांनी विचार करू." मामांनी त्यातलं 'विचार करू' हे ऐकलंच नाही. सहा महिने तेवढे धरून ठेवले.

नारळी पौर्णिमा झाल्यावर आठवड्याने ऑपरेशन ठरलं. विष्णू चार दिवसांची रजा काढून आला. तुळशीच्या लग्नापर्यंत माझी शूटिंगं बंद, म्हणून इस्पितळात राहायला मी होतो. तिथे पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. लहान डॉक्टर कागद घेऊन आला आणि म्हणाला, "कुठला पाय?" मामा म्हणाले, "खाडयेकडचो." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, उजवा. डॉक्टरने मामांना पुन्हा विचारलं, "आजोबा, उजवा ना?" मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक पाण्याची टाकी आणि चिखलाने माखलेला ट्रॅक्टर होता. ते माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बाबू, हंय दर्या खंय आसा रे?" मला हसू आलं. समुद्र कुठल्या दिशेला, हे मलाही तिथे सांगता येईना. शेवटी मामांनी दुखऱ्या मांडीवर हात ठेवला आणि डॉक्टरने तिथे शाईने मोठी फुली मारली.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी मामा वॉकर धरून उभे राहिले. वॉर्डात व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओच्या बाई होत्या, तरुण आणि उत्साही. त्यांनी कोपऱ्यातल्या टीव्हीवर एक फिल्म लावली. इस्पितळानेच ती काढून घेतली होती. पेशंट घरी गेल्यावर सगळं विसरतात, म्हणून घरी बघायला सीडी द्यायची असा त्यांचा नवा बेत होता. पण सीड्या अजून छापून यायच्या होत्या. मी पुढे होऊन म्हटलं, "मॅडम, माझा स्टुडिओ आहे. एक दिवस द्या, मी कॉपी काढून घेतो आणि परत पाठवतो." यात थोडी फुशारकी होती, ती मी आता लपवत नाही. बाईंनी डबी दिली. आत दोन सीड्या होत्या, पेनाने फक्त आकडे घातलेल्या. "एक नंबर खुब्याची, दोन नंबर गुडघ्याची. तुम्हाला खुब्याची लागेल," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. कागदावर लिहून घेतलं नाही.

मामांना घरी सोडून दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत बसलो, तेव्हा डबी उघडून पाहतो तर आकडे डोक्यात उलटे झालेले. दोन नंबर खुब्याची, असं मला पक्कं वाटलं. खात्री म्हणून लावून पाहिली. फुलदाणी, हात जोडणारे डॉक्टर, 'सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर' अशी पाटी, आणि मग खाटेवर निजलेली एक पिकल्या केसांची बाई पाऊल खाली-वर करत होती. वॉर्डात मामांनी हेच केलेलं मी पाहिलं होतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, तेही आलं. तेवढ्यात दोघंजण पासपोर्टचे फोटो काढायला आले. मी कॉपी लावून दिली, वर काळ्या पेनाने 'तांडेलमामा – खुबा' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि डबी त्याच दिवशी कोल्हापूरच्या गाडीने परत पाठवली. फिल्म पुढे पाहिली नाही.

मामांच्या घरी टीव्ही होता. सीडी प्लेअर मी माझा नेऊन लावला. पहिल्या दिवशी व्यायामाला सुरुवात झाली आणि अर्ध्या तासात ओटीवर वाडीतल्या दहा-बारा बायका जमल्या. व्हिडिओ लागलाय एवढंच त्यांना कळलं होतं. पिकल्या केसांची बाई पाऊल हलवत होती आणि सगळ्याजणी श्वास रोखून बघत होत्या. मामींना तिचं फार वाईट वाटे. "केवडां मोठां घर, आणि एकटीच बिचारी. तिका कोण चायय विचारणा नाय," असं त्या रोज म्हणत. शेजारची एक म्हातारी दोन दिवस आली नाही, तर तिसऱ्या दिवशी येऊन विचारती झाली, "त्या बायेचां काय झालां गो? चलाक लागली काय?"

मामांची अडचण वेगळी होती. फिल्ममधला आवाज फक्त 'शस्त्रक्रिया झालेला पाय' म्हणे, आणि त्या बाईचा तो पाय होता डावा. मामा तिचं बघून बघून आपला चांगला पाय हलवत बसले. मी सांगितलं, "मामा, तुमचो दुसरो." तर ते टीव्हीकडे बोट करून म्हणाले, "ती बाई खंय तोंड करून निजली हा? तिचो दर्या खंय?" मी पडद्याकडे बघत राहिलो. तिच्या मागे एक पडदा होता, एक टेबल होतं. तिचा समुद्र कुठे असेल ते मी कसं सांगणार? मी समजावायला गेलो आणि माझंच डावं-उजवं चुकायला लागलं. शेवटी मामींनी पूजेच्या ताटलीतला लाल दोरा आणून मामांच्या ऑपरेशनच्या पायाला बांधला आणि म्हणाल्या, "ह्यो हलवा. बायेकडे बघू नकात." त्यावर आम्ही तिघं पोट धरून हसलो. गणपतीचे दिवस होते, पाय सुधारत होता, वॉकर टाकून मामा काठीवर आले होते. ते पंधरा दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं, आणि लगेच पुढचं आठवतं.

फिल्मचा पुढचा भाग तिसऱ्या आठवड्यापासून करायचा होता. तो लावला आणि मामा पहिल्यांदा थांबले. बाई खाटेवर बसून तळपायाला टॉवेल अडकवून पाय स्वतःकडे ओढत होती. आवाज सांगत होता, "पाय जास्तीत जास्त जवळ आणा. थोडं दुखलं तरी थांबू नका." मामांना वाचता फार येत नसे, पण इस्पितळाने दिलेल्या कागदावर चित्रं होती आणि ती त्यांनी पाठ केली होती. पायावर पाय टाकलेला माणूस, वर फुली. खाली उकिडवा बसलेला माणूस, वर फुली. पुढे ओणवा झालेला माणूस, वर फुली. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "बाबू, ह्यो कागद म्हणता वाकू नको. ती बाई म्हणता वाक. खरां खंयचां?"

मी कागद वाचला, फिल्म मागे नेऊन पुन्हा बघितली. मला काही उमगेना. तेव्हा फोन करायला हवा होता. फोन देवबागात होते, माझ्या खिशातही होता. पण मी म्हटलं, "मामा, कागद पयल्या दिसांचो. तेवा वाकूचां नाय. आता तीन आठवडे झाले, आता वाकूचां. म्हणान तर फिल्ममदी नंतर दाखवतत." बोलता बोलता मलाच ते इतकं पटलं की मी आणखी दोन कारणं जोडली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. चाळीस वर्षं पाण्याचा रंग बघून ज्याने जाळं टाकलं, त्याला काहीतरी खटकलं होतं, हे मला दिसत होतं. मामी आतून म्हणाल्या, "पोरगो सांगता तसां करा. तेका कळता." मामांनी कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. "बरां," ते म्हणाले.

चार दिवस त्यांनी टॉवेल ओढला. दुखायचं. ते बोलत नसत, फक्त कपाळावर घाम येई. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी खाटेशेजारी उभा होतो. बाई पडद्यावर पाय ओढत होती आणि तिच्याबरोबर मामा. पाऊल थोडं आत वळलेलं होतं. "आणखी वायच, मामा," मी म्हटलं. हे शब्द माझेच. आणि आतून लाकडाची खुंटी सुटावी तसा आवाज आला. मामांचा चेहरा क्षणात राखेसारखा झाला. ते ओरडले नाहीत. पाय आत वळून पडला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. पडद्यावर बाई हसत होती. मामा दात आवळून म्हणाले, "बाबू, ती बंद कर."

वाडीतल्या एकाची जीप होती. मागची सीट काढून गादी घातली आणि आम्ही कोल्हापूर गाठलं. घाटातल्या प्रत्येक वळणाला मामा माझं मनगट दाबत होते. खुब्याचा नवा गोळा वाटीतून निसटला होता. भूल देऊन डॉक्टरांनी तो परत जागेवर बसवला. विष्णूला फोन केला, तो मुंबईहून निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा वॉर्डात जागे होते, मी स्टुलावर. फिजिओच्या बाईंनी शेजारच्या खाटेवरच्या एका नव्या पेशंटसाठी टीव्हीवर फिल्म लावली. तीच फुलदाणी, तेच डॉक्टर, तीच पिकल्या केसांची बाई. पाऊल खाली-वर, मांडी आवळणं. आणि मग जे आलं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. बाई उंच खुर्चीत ताठ बसली होती आणि आवाज सांगत होता, "खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका. खाली वाकून पायाला हात लावू नका. दोन पायांत उशी ठेवून झोपा." टॉवेल कुठेच नव्हता. एक नंबर आणि दोन नंबर. मी मामांकडे बघायला धजत नव्हतो. शेवटी बघितलं. ते पडद्याकडे टक लावून पाहत होते, आकाशात ढग बघत तसे. फिल्म संपत आली. दारात विष्णूचा आवाज आला. तो नर्सला खाट विचारत होता. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, ती बंद करूक सांग. डोळे दुखतत."

डॉक्टर फेरीला आले तेव्हा विष्णू खाटेपाशी होता आणि तापलेला होता. "कोणी वाकवलं यांना? घरी काय व्यायाम चालले होते?" डॉक्टरांनीही तेच विचारलं. फिजिओच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. शब्द खरोखर जिभेवर आले होते, असं मला अजून वाटतं. पण ते माझं समाधानही असेल. त्याआधीच मामा बोलले, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून कचेरीतली मराठी ऐकली. "डॉक्टर, चूक माझी झाली. मी होडीकडे गेलो होतो. तिथे खाली बसलो. कोणाचा दोष नाही." विष्णूने कपाळावर हात मारला. डॉक्टर म्हणाले, "बाबा, मी कागद दिला होता ना? आता होडी विसरा. काठावरून पाय टाकलात आणि पुन्हा निसटला, तर मी काही करू शकणार नाही." मामांनी मान हलवली. सहा महिन्यांचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही.

परत आल्यावर मी जुनी सीडी मोडून टाकली, बाईंकडून एक नंबर मागून घेतली, चार वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि मगच मामांना लावून दिली. रोज सकाळी मी तिथे असे. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मामांना कळलं होतं का? कळलं असेल तर बोलत का नाहीत? की भुलीच्या गुंगीत त्यांना काहीच समजलं नाही, आणि ते खरंच होडीकडे जाऊन बसले होते? वाडीतल्या एकाने मला सांगितलं, हो, त्या आठवड्यात तांडेल होडीपाशी दिसले होते. उभे की बसलेले, ते त्याला आठवत नव्हतं. मला एक दिवस हायसं वाटलं आणि त्याची लाज वाटली.

मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा त्यांना आधार देऊन अंगणात फिरवत असताना म्हटलं, "मामा, त्या सीडीचां माका काय तरी सांगूचां आसा." ते थांबले आणि माडाकडे बघून म्हणाले, "ह्या नारळाक उंदीर लागलो हा. बघ." दुसऱ्यांदा सुरुवात केली तर त्यांनी सरळ हात वर केला, होडीवर थांबा म्हणायला करायचे तसा. त्यानंतर माझं धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी थांबवलं म्हणून मला बरं वाटे.

पाय पुढे चांगला झाला. काठी घेऊन ते वाडीभर फिरत. होडी पुतण्याकडे गेली. मामा रोज किनाऱ्यावर बसत; खाली बसायचं नाही म्हणून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून उंच केलेल्या, त्यावर ताठ. होडी दिसेनाशी झाली तरी बघत राहत. एके दिवशी मी न राहवून कॅमेरा उचलला आणि पुतण्याबरोबर होडीवर गेलो. मला दर्या सोसत नाही. चारदा उलटी झाली, अर्धं चित्रीकरण आभाळाचं झालं. पण जाळं टाकताना, ओढताना, पाणी, पक्षी, दुरून दिसणारा देवबागचा किनारा, सगळं थोडंथोडं आलं. घरी आणून मामांना लावून दाखवलं.

ते खाटेवर पुढे सरकून बसले. मी म्हटलं, "वाकू नकात." ते ऐकत नव्हते. पडद्यातल्या पुतण्याला बोटाने दाखवायला लागले. "अजून भायर, अजून भायर... आता सोड." पुतण्याने तिथेच जाळं सोडलं होतं. मामा खूश झाले. मग मासळी वर आली तेव्हा ती त्यांनी मोजली नाही, पाण्याकडेच बघत राहिले. "पाणी हिरवां झालां हा," म्हणाले. "पंदरा दिसांनी बांगडो येतलो." पंधरा दिवसांनी बांगडा आला. त्यानंतर मी महिन्यातून एकदा होडीवर जायला लागलो. उलट्या कमी झाल्या नाहीत. मामा फिल्म बघत आणि शेवटी दरवेळी एकच वाक्य म्हणत, "बरां दाखयलंस." त्यांच्या त्या दोन शब्दांतून मी काय काय काढायचा प्रयत्न केला, ते माझं मला ठाऊक.

पाच वर्षांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामा गेले. मी कुडाळला एका लग्नाच्या शूटिंगमध्ये होतो. निरोप आला तेव्हा नवरी सासरी निघाली होती, सगळे रडत होते, आणि मी कॅमेऱ्याआड रडतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. विष्णूने मला मिठी मारली आणि म्हणाला, "बाबू, तू होतास म्हणून त्यांचं शेवटी बरं गेलं." मी त्याच्या खांद्यावर मान टाकून उभा राहिलो.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. विष्णूही मुंबईला परतला. मामी मागच्या पडवीत एकट्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पायरीवर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दोन सीड्या, चुकलेला नंबर, न पाहिलेली फिल्म, 'आणखी वायच' म्हणालो ते. मामींचे हात थांबले. मला वाटलं, आता त्या उठून आत जातील.

"तुझी सीडी?" त्या म्हणाल्या. "खुळो काय रे? तां माझ्यामुळां झालां."

मला कळेना. त्या सुपातच बघून बोलत होत्या. "आदल्या दिसा म्हाळ होतो, आठावता? आमच्यात पितरांचां जेवण पाटार बसान जेवतत. हे म्हणाले, मी घरातलो मोठो, खुर्चयेर बसान कसो जेवतलंय. मी नको म्हणाक होयां होतां. मी पाट मांडलंय. हाताक धरून बसवलंय. बसताना आतसून वाजलां, माका आयकू इलां. तोंड वाकडां झालां तेंचां, आणि म्हणतत, काय नाय, तू वाढ. दुसऱ्या दिसा सकाळी पाय सुटलो. तू सीडी घेवन बसलंस."

"पण मामी, टॉवेल तर मीच—"

"कोल्हापुरसून इल्यार मी तेंका म्हटलंय, माझ्यामुळां तुमची होडी गेली. तर म्हणतत, तुझां काय? माझां चुकलां. मी होडयेकडे जावन बसलेलंय."

मग ते खरंच होडीकडे गेले होते का, की टॉवेलनेच झालं, की पाटावर? मी विचारलं, "मामी, तेंका माझ्या सीडीचां कळलेलां काय?"

"माका काय म्हायत," मामी म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. मग सूप बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्सां आयकत इलंय मी. होडयेर कोणाकडसून जाळां फाटलां, कोणी इंजान बिघडवल्यान, कोण पाण्यात पडलो. हे घराक येवन एकच सांगत. आज माझां चुकलां. पयली माका खरां वाटायचां. मी भांडत होतंय तेंच्याशी. मगे भांडाचां सोडलंय." त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"सांग बाबू," त्या म्हणाल्या, "एका माणसाच्या हातसून येवड्यो चुको होतत काय रे?"